हौदाची परीक्षा पहाटे

एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात पारा चाळिशीकडे सरकू लागला की परड्यातल्या हौदातल्या माशांची काळजी वाटते ती भर दुपारी. पण त्यांच्यावर खरी वेळ येते पहाटे. साडेपाचला हौदाशी उभं राहून बघा. गोल्डफिश वर येऊन, ओठ गोल करून तोंडाची उघडझाप करत असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर त्यांना भूक नव्हे, श्वास पुरत नाही. नेमकं तेव्हाच आपण मायेनं चिमूटभर खाद्य टाकतो आणि तेच त्यांना नडतं.

पाणी तापेल तसा त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हवेचा दाब कमी, म्हणून आणखी थोडी घट. माशाचं शरीर मात्र पाण्याबरोबर तापतं आणि दहा अंश वाढले की प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते.

मग दुपारी ते तगतात कसे? हौद हिरवा करणारं शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं म्हणून. अंधार पडला की तेच शेवाळ माशांच्या वाट्याचा प्राणवायू वापरू लागतं. रात्रभर साठा उतरत जातो आणि सूर्योदयाआधी तळाला पोचतो. उरलेलं खाद्य कुजतानाही प्राणवायू खातं, वर अमोनिया तयार होतो. गरम पाण्यात तो जास्त विषारी ठरतो.

म्हणून एअर पंप दिवसा बंद राहिला तर एक वेळ चालेल, रात्री नाही. वीज गेली तर हौदातलंच पाणी तांब्यानं उंचावरून परत ओता. पाणी जितकं फुटेल तितकी हवा त्यात मिसळते. खाद्य निम्म्यावर आणा. निम्म्या हौदावर शेडनेट बांधा. बर्फ टाकू नका, तापमान एकदम उतरलं की मासे हबकतात. पाणी बदलायचं तर एका वेळी पाव हौदच, तेही नळाचं पाणी दिवसभर उघड्या पिंपात ठेवून, क्लोरीन उडून गेल्यावर.

आणि वळीव झाला की गाफील राहू नका. गार पाणी खाली उतरतं, तळाचा गाळ ढवळून वर येतो. त्या रात्री पंप चालूच ठेवा आणि पहाटे टॉर्च घेऊन हौदाशी जा.