हॉट म्हणजे नेमकं काय?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी रविवारी उसळ-पोहे होतात. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातीनं परवा पहिलाच घास घेतला आणि ओरडली, "आजी, हॉट आहे!" आजीनं तिची बशी ओढून घेतली आणि फुंकर मारू लागली. पोहे केव्हाच निवले होते. पोरीला झोंबली होती उसळीची तर्री.

इंग्रजीत वाफाळता चहा हॉट आणि मिरचीही हॉट. आपलं गरम वेगळं, तिखट वेगळं, म्हणून ही भाषा मला जरा गबाळीच वाटायची. पण आपले मज्जातंतू इंग्रजीच्या बाजूचे निघाले.

त्यांच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते दारासारखं उघडतं आणि 'भाजतंय' असा निरोप मेंदूकडे जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन हेच दार उघडतं. मेंदूला दोन्हींतला फरक कळत नाही. तो अंग थंड करायला कपाळावर घाम आणतो. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७ साली हुडकलं. २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे.

म्हणजे शास्त्राच्या हिशेबात तिखट ही चव नव्हेच. मिरच्या चिरल्यावर हातांची आग होते, हातांना कुठली आलीय चव? आणि 'आग' हा शब्द आपलाच. नाव वेगळं ठेवलं तरी ठसका लागल्यावर मराठी माणूसही आगच म्हणतो. (संस्कृतात तिखटाला कटु म्हणत, त्याचंच आपण कडू करून ठेवलं, ते निराळंच.)

कॅप्सेसिन लागलं की हे दार कमी तापमानालाही उघडू लागतं, म्हणून उसळीवर घेतलेला जेमतेम गरम चहाही पोळतो. पाण्याचे घोट घेऊन भागत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन मात्र त्याला धरून ठेवतं. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत चटकदार खाऊन झाल्यावर आपली दुधाची इंदुरी शिकंजी बरी वाटते, ती काही नुसती गोड म्हणून नाही.

आमच्या गच्चीवरच्या कुंडीतल्या मिरच्या पोपट फस्त करतात. पक्ष्यांचं टीआरपीव्ही-१ कॅप्सेसिनला दादच देत नाही. नातीला हे सांगितलं, तर दुधाच्या मिशा पुसत म्हणाली, "मग त्यांना उसळ घालू या?"