निळ्या तलवारी म्हणजे जन्मदाखला नव्हे

चिनी मातीची फुलदाणी उलटी करायची, तळाला एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी दिसल्या की ‘अठराव्या शतकातलं अस्सल माइसेन’ म्हणून मोकळं व्हायचं! जुन्या वस्तूंच्या हौशी मंडळींत हा समज कित्येक वर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

जर्मनीतल्या सॅक्सनीत माइसेनचा चिनी मातीच्या (पोर्सेलिनच्या) वस्तूंचा कारखाना १७१० साली सुरू झाला. तलवारींची खूण १७२० च्या दशकात आली आणि आजही तीच चालते. म्हणजे परवा भट्टीतून निघालेल्या फुलदाणीवरही ती असणारच. शिवाय नकला आहेत. पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने मिळत्याजुळत्या खुणा वापरल्या. ड्रेस्डेनच्या हेलेना वोल्फसोन यांनी तर सॅक्सनीचा राजा ऑगस्टस याची ‘एआर’ (ऑगस्टस रेक्स) ही खूणच उचलली, प्रकरण कोर्टात गेलं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘श्नेबालन’ फुलदाण्यांत. केंडलर या शिल्पकाराने १७३९ च्या सुमारास हा प्रकार काढला. अंगभर बारीक पांढरी फुलं, बोट ठेवायला जागा नाही. हा उठाव कोरलेला नसतो. एकेक फूल वेगळं घडवून, पातळ कालवलेल्या मातीने भांड्यावर चिकटवतात आणि मग भाजतात. काम इतकं किचकट, की बघणाऱ्याला ते जुनंच वाटतं. पण एकोणिसाव्या शतकातही या फुलदाण्या भरपूर निघाल्या.

तलवारींच्या मुठींमध्ये ठिपका दिसतोय? मग तो साधारण १७६३ ते १७७४ मधला असू शकतो. पात्यांच्या टोकांमध्ये असेल, तर १९२४ ते १९३४. एका ठिपक्याच्या जागेने दीडशे वर्षांचा फरक!