पोकरचा कॅट पिसण्याची रीत: वॉश, रिफल, स्ट्रिप, कट

नव्या कॅटमधले पत्ते इस्पिक, बदाम, किलवर, चौकट असे गटागटाने आणि क्रमाने लावलेले असतात. पिसताना हा क्रम पूर्ण मोडायचा असतो आणि तेवढ्या वेळात एकही पत्ता कोणाला दिसू द्यायचा नसतो. पहिली गोष्ट सगळे करतात, दुसरी बहुतेकांकडून राहते.

औपचारिक डावांत ठरलेला क्रम असा: वॉश, रिफल, रिफल, स्ट्रिप, रिफल, कट. कॅट नवा असेल तर त्याआधी जोकर आणि जाहिरातीचे पत्ते काढून टाका, उरलेले टेबलावर उताणे पसरा आणि ५२ भरतात का ते पाहा. एखादा पत्ता कमी किंवा दोनदा आलेला असेल तर तो इथेच सापडावा. पैसे मधे पडल्यावर सापडला तर नुसता वाद होतो.

वॉश. सगळे पत्ते पालथे करून टेबलावर पसरा आणि दोन्ही तळव्यांनी गोल गोल फिरवा, एक हात उजवीकडे तर दुसरा डावीकडे. शेजारी शेजारी असलेले पत्ते खरोखर सुटे झाले पाहिजेत. ढीग नुसता जागच्या जागी घोळवला तर मधला गठ्ठा जसाच्या तसा राहतो. नवा कॅट काढला किंवा वाटणारा बदलला की वॉश करायचाच. मग पत्ते गोळा करून कडा सरळ करा. गोळा करताना गठ्ठा उभा धरून टेबलावर आपटू नका, समोरच्याला तळाचा पत्ता दिसतो.

रिफल. गठ्ठा टेबलावरच ठेवून त्याचे साधारण सारखे दोन भाग करा. अंगठ्यांनी आतल्या कडा जेमतेम उचला आणि पत्ते एकमेकांत सोडा. पत्ते जितके वर उचलाल तितके तळाचे दिसतील आणि तितके वाकतीलही. दोन भाग एकमेकांत पूर्ण सरकवून गठ्ठा चौकोनी करा. अर्धवट सरकवले तर ते पुन्हा तसेच वेगळे काढता येतात, आणि हा हातचलाखीचा जुना मार्ग आहे.

पत्ते अगदी एकाआड एक पडावेत अशी धडपड नको. वरचा आणि तळाचा पत्ता जागेवर ठेवून असा अचूक रिफल सलग ८ वेळा केला, तर ५२ पत्त्यांचा कॅट मूळ क्रमावर परत येतो. कुठे एक, कुठे दोन-तीन पत्ते एकत्र पडले तर चांगलेच.

स्ट्रिप. गठ्ठ्याच्या वरून लहान लहान थर ओढून एकावर एक टेबलावर ठेवत जा. पाच-सहा थर झाले की पुरे. यामुळे वरचे पत्ते खाली आणि खालचे वर जातात. नुसत्या रिफलने वरच्या आणि तळाच्या पत्त्यांना फारसा धक्का लागत नाही, म्हणून ही पायरी गाळू नका.

कट. प्लास्टिकचे कट कार्ड समोर ठेवा. एका हाताने वरचा भाग उचलून त्यावर ठेवा आणि उरलेला भाग त्याच हाताने वर ठेवा. दोन्ही भागांत किमान चार पत्ते तरी हवेत. दुसरा हात लावायचा नाही, कारण दोन हातांत गठ्ठा असला की केलेला कट परत फिरवणे सोपे जाते. कट कार्ड वाटप संपेपर्यंत तळाशीच राहते, त्यामुळे शेवटचा पत्ता झाकला जातो. वाटणारा स्वतः खेळत असेल तर कट त्याच्या उजवीकडच्या खेळाडूने करावा.

तीन रिफल पुरतात का? एकटे पुरत नाहीत. रिफल करताना दोन्ही भागांतल्या पत्त्यांचा आपापसातला क्रम कायम राहतो, फक्त मधे दुसरे पत्ते घुसतात. म्हणून क्रमवार कॅटमध्ये एका रिफलनंतर फार तर २ साखळ्या (मधे दुसरे पत्ते घुसले तरी आपापसात मूळ क्रमाने राहिलेले पत्ते) होतात, दोननंतर ४ आणि तीननंतर ८, म्हणजे एका साखळीत सरासरी साडेसहा पत्ते. पाच रिफलनंतरही ३२च साखळ्या होतात, त्यामुळे पूर्ण उलटा क्रम येणे तेव्हाही अशक्यच असते. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकॉनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवले की ५२ पत्त्यांसाठी साधारण सात रिफल लागतात. टेबलावर तीन चालतात ते वॉश आणि स्ट्रिप सोबत असतात म्हणून. वॉश टाळायचा असेल तर सात रिफल करा. हातात धरून वरवर पिसण्याची घरगुती पद्धत (थर उचलून टाकत जाणे) याहून कितीतरी संथ आहे. तिने कॅट नीट मिसळायला हजारो वेळा पिसावे लागेल, तेव्हा ती पोकरच्या टेबलावर नकोच.

बिघडते ते इथे

पिसताना पत्ता उताणा झाला किंवा खाली पडला, तर तो पालथा करून आत घाला आणि पहिल्यापासून पिसा. नुसता मधे खोचून पुढे जाऊ नका.

पत्ते चिकटून गठ्ठ्यानेच पडत असतील तर हाताचा घाम आणि तेल साचलेले असते. प्लास्टिकचे पत्ते सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच पेटीत भरा. कागदी पत्त्यांना पाणी लावू नका, ते फुगतात. एखादा कोपरा दुमडला की तो पत्ता पाठीवरून ओळखू येतो. तेव्हा कॅटच बदला. दुसऱ्या कॅटमधला पत्ता बदली घालू नका, त्याची झीज वेगळी असते.

पिसण्यात वेळ जातो अशी तक्रार असेल तर वेगळ्या रंगाच्या पाठीचे दोन कॅट ठेवा. एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार होतो, आणि एकातला पत्ता दुसऱ्यात गेला तर लगेच कळते.