घरामागचा लेथ आणि मे महिन्यातलं अर्थिंग

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत उमेदीची वर्षं घालवलेली कितीतरी माणसं निवृत्तीनंतर घरामागे पत्र्याची शेड टाकतात. आत छोटा लेथ (धातू कातायचं यंत्र), ड्रिल मशीन, बेंच ग्राइंडर. वायरिंगचा विषय निघाला की चर्चा होते ती वायरच्या जाडीची. ती व्हायलाच हवी. 1 एचपीची सिंगल फेज मोटर चालताना साधारण 7 अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. म्हणून तिला ‘सी’ प्रकारचा, म्हणजे असा क्षणिक झटका सहन करणारा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की ‘पडून’ वीज तोडणारा स्विच) लावतात. वायर बारीक आणि लांब असेल तर नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज पडतं आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: व्होल्टेज 10 टक्के कमी, तर जोर 19 टक्के कमी.

जिवाचा प्रश्न मात्र जमिनीखाली आहे, अर्थिंगमध्ये: मशीनचं लोखंड तारेने खड्ड्यात पुरलेल्या धातूच्या इलेक्ट्रोडला जोडायचं, म्हणजे गळणारी वीज जमिनीत जाते.

नाशिक दख्खनच्या बेसाल्टवर वसलंय. पांडवलेणी ज्यात कोरली तोच हा काळा कातळ. वर कुठे काळी माती, कुठे मुरूम, आणि थोडं खणलं की पहार खण्णकन वाजते. ओल्या काळ्या मातीतून वीज सहज वाहते, कोरड्या कातळातून जवळपास नाहीच. त्यामुळे ऑगस्टमध्ये उत्तम ठरलेला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात निकामी झालेला असू शकतो.

समजा, खड्ड्याचा रोध 10 ओहम आहे आणि मोटरच्या आत फेजची (वीज आणणारी) वायर सोलून लेथच्या लोखंडाला टेकली. जमिनीत जाणारा प्रवाह 230 भागिले 10, म्हणजे फार तर 23 अँपिअर. 16 अँपिअरचा ‘सी’ एमसीबी झटक्यात पडायला किमान 80 अँपिअर लागतात. 23 अँपिअरवर तो तासभरही न पडता राहू शकतो. तोवर लेथचं सगळं लोखंड 230 व्होल्टच्या आसपास! हात लावणाऱ्याच्या शरीराचा रोध 1000 ओहम धरला तर त्याच्यातून 0.23 अँपिअर जातील, आणि हृदयाची लय बिघडायला तेवढे पुरेसे आहेत. ‘अर्थिंग आहे, एमसीबी आहे, मग भीती कसली?’ हा समज म्हणूनच घातक आहे.

इथे आरसीसीबी (प्रवाहाची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) लागतोच. त्यात फेज आणि न्यूट्रल (परतीची वायर) दोन्ही एकाच चुंबकीय कड्यातून जातात. गेलेला प्रवाह पूर्ण परतला तर कड्यात काही उरत नाही. थोडा जरी जमिनीत गेला तरी फरक जाणवतो. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरच्या फरकाला पडतो, आणि फरक मोठा असेल तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. वरच्या उदाहरणातले 23 अँपिअर त्याच्यासाठी प्रचंडच. अर्थिंग मात्र तरीही हवं, नाहीतर गळणारा प्रवाह जमिनीत जायला पहिली वाट माणसाच्याच अंगातून सापडते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर आरसीसीबीला काहीच कळत नाही, हेही माहीत असावं.

एक प्रकार मात्र कुणीही खपवून घेऊ नये: खड्डा खणायचा कंटाळा म्हणून सॉकेटची अर्थिंगची पिन न्यूट्रललाच जोडणं. मागे कुठे न्यूट्रल तुटला की मशीनच्या अंगात थेट फेज उतरतो.

वायरिंग तपासून परवानाधारक ठेकेदार देतो तो टेस्ट रिपोर्ट म्हणजे नुसता सही-शिक्का नव्हे. मेगरने (वायरचं आवरण तपासायच्या यंत्राने) 500 व्होल्ट डीसी देऊन वायर आणि अर्थ यांच्यामधला रोध मोजायचा, तो किमान 1 मेगाओहम हवा. अर्थ टेस्टरने खड्ड्याचा रोध मोजायचा आणि आकडा तारखेसकट लिहून घ्यायचा. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून पाहावं, पण त्याने फक्त आरसीसीबीची तपासणी होते, अर्थिंगची नाही. रिपोर्ट पावसाळ्यातला असेल तर पुढच्या मे महिन्यात वायरमनला पुन्हा बोलवा. आकडा वाढलेला दिसला तर खड्ड्यात पाणी ओतून तेवढ्यापुरता तो खाली आणू नका. काही अंतरावर दुसरा इलेक्ट्रोड, जमेल तितका खोल, घालून दोन्ही जोडून घ्या.