म्हाडाच्या बिल्डिंगमध्ये शेजारच्या भाडेकरूचा त्रास होतोय? तक्रार कुठे करायची, काय कागद लागतात

पुण्यात लोकमान्यनगर असो नाहीतर येरवडा, शेजारच्या गाळ्यातल्या (म्हाडाच्या भाषेत गाळा म्हणजे फ्लॅट) भाडेकरूंनी वैताग आणला की आपण पहिलं म्हणतो "म्हाडात तक्रार करतो", पण नुसत्या आवाजाचं आणि भांडणाचं काम म्हाडाचं नाही, ते पोलिसांचं. रात्री १० ते सकाळी ६ मोठ्याने स्पीकर चालू असेल तर ११२ ला फोन करा, शिवीगाळ-दमदाटी असेल तर चौकीत जाऊन एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवा आणि कॉपी घेतल्याशिवाय उठू नका. सोसायटी रजिस्टर झाली असेल तर कमिटीलाही लेखी द्या, तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

म्हाडा हलते ती नियम मोडल्यावर. म्हणजे परवानगी न घेता पोटभाडेकरू ठेवलाय, गाळ्यात घुसखोर राहतोय, पॅसेजमध्ये भिंत घातलीये, राहत्या घरात गोडाऊन केलंय, असलं काही. गाळा अजून म्हाडाच्याच मालकीचा असेल तर १९७६ च्या म्हाडा कायद्याच्या कलम ६६ खाली सक्षम प्राधिकारी (म्हाडाचा त्यासाठी नेमलेला अधिकारी) नोटीस देऊन, समोरच्याचं ऐकून घेऊन गाळा खालीसुद्धा करायला लावू शकतो, म्हणून तक्रारीत त्रासाच्या आधी नियमभंग लिहा.

अर्ज पुणे मंडळाच्या मिळकत व्यवस्थापकाच्या नावाने, पुणे स्टेशनजवळ आगरकर नगरला गृहनिर्माण भवन आहे तिथे. सोबत तुमचं वितरणपत्र किंवा ताबापत्र, सेवाशुल्काची ताजी पावती, आधारची झेरॉक्स, एनसीची कॉपी, फोटो. गाळा वडिलांच्या नावावर असेल तर सही त्यांचीच घ्या, आणि तुम्ही स्वतः भाड्याने राहत असाल तर घरमालकाला अर्ज करायला लावा. समोरच्या मूळ गाळेधारकाचं नाव, बिल्डिंग नंबर, गाळा नंबर नक्की टाका कारण गाळा कागदोपत्री त्या मूळ गाळेधारकाच्या नावावर असतो.

त्रासाचा पुरावा म्हणजे फार काही लागत नाही हो. आमच्या आईने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनातच पेनाने लिहून ठेवलं होतं, "११.४० स्पीकर", "१२.१५ दार आपटलं", असे दोन महिने, आणि त्या दोन पानांच्या झेरॉक्स अर्जाला जोडल्या तेव्हा समोरच्याला नाही म्हणता आलं नाही.

एक मात्र कळकळीने सांगते, "बॅचलर मुलं आहेत", "नॉनव्हेज करतात", "बाहेरगावची आहेत" हे अर्जात लिहू नका. तो नियमभंग नाही, आणि कोणाबद्दल असं लिहिणं बरोबरही नाही.

अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का, नंबर आणि तारीख घ्या. महिनाभर काहीच कळलं नाही तर त्याच आवक नंबरवर काय कार्यवाही झाली एवढंच विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत.