ऑनलाइन शिक्षणातील विद्यार्थी-साहाय्य (ग्रामीण विदर्भ)

ऑनलाइन शिकणारा विद्यार्थी अभ्यासात टिकावा आणि तो अडला तर ते वेळेत कळावे, यासाठी शिक्षक, घर आणि गाव जे करतात ते विद्यार्थी-साहाय्य. धडा पाठवणे हा त्यातला लहानसा भाग. धडा पाठवल्यावर गप्प झालेले मूल कोणाच्या लक्षात येते का, हे जास्त महत्त्वाचे.

दूरशिक्षणाला ही गरज जुनीच ठाऊक आहे. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने पुस्तकांच्या जोडीला अभ्यासकेंद्रे ठेवली ती यासाठीच. अभ्यासक मायकेल मूर यांच्या मते दूरशिक्षणातले अंतर मैलांवर ठरत नाही. संवाद आटला की ते वाढते.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि हे सगळे एकदम शाळकरी मुलांवर येऊन पडले. दीक्षा या सरकारी अ‍ॅपवर धडे होते, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका होती. टीव्हीला डेटा लागत नाही, पण मुलाला उलट प्रश्न विचारता येत नाही. मेळघाटात किंवा भामरागडकडे रेंजसाठी टेकडी चढावी लागे, तिथे लाइव्ह तास म्हणजे बहुतेकांची गैरहजेरीच.

रेंज असली तरी घरात मोबाइल एकच. "सर, मोबाइल बाबाजवळ वावरात होता," हे उत्तर बहाणा समजू नये. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, दिवाळीच्या मागेपुढे कापसाची वेचणी, उन्हाळ्यात पूर्व विदर्भात मोहफुले आणि तेंदूपत्ता; फोन घरी येतो तो दिवेलागणीला. म्हणून सकाळी दहाच्या तासापेक्षा मुलाला रात्री उघडता येईल असा छोटा ऑडिओ आणि वहीचा फोटो जास्त उपयोगी पडतो. व्हिडिओ आठवडी बाजाराच्या दिवशी मेमरी कार्डात भरून देता येतात.

खरी मदत कशी दिसते ते एका उदाहरणातून पाहू. मुलीने ५२ − २७ = ३५ लिहून फोटो पाठवला. नुसती लाल फुली मारली तर ती उद्याही तेच लिहील, कारण ती एकक-दशकाच्या प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे. शिक्षकाने एका मिनिटाचा आवाज पाठवावा: "बाळा, एककाच्या घरात दोनच आहेत, त्यातून सात जातील का? पाचातला एक दशक सुटा कर आणि पुन्हा करून पाठव." 'पुन्हा करून पाठव' हे सांगायला विसरू नये, शिकणे तिथे होते.

कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या घरांत मराठी धडा ऐकूनही अर्थ लागेलच असे नाही. अशा वेळी गावातलीच बारावी झालेली ताई पाच-सहा मुलांना ओसरीत घेऊन बसली, एका मोबाइलवर धडा लावला आणि मध्येमध्ये थांबवून घरच्या बोलीत समजावला, तर कोणत्याही अ‍ॅपपेक्षा जास्त काम होते. तिला मानधन मिळायला हवे.

तीन दिवस उत्तर न आलेल्या मुलांची नावे शिक्षकाने वेगळी लिहून ठेवावीत. फोन लागला नाही तर शेजारच्या घरी लावावा, तोही नाही तर गावात जाऊन यावे. यादीतल्या मुलींची चौकशी आधी करावी: माय वेचणीला गेली की धाकटे भावंड आणि चूल मुलीकडे येते.