केमो घेऊन आलेल्याचं ताट वेगळं कशाला?

केमो, म्हणजे कॅन्सरवरची औषधं, घेतलेल्या माणसाजवळ बसू नये, त्याचं ताट-तांब्या वेगळा ठेवावा, असं आमच्या खानापूर-निपाणीकडे अजून सर्रास म्हणतात. साफ खोटं आहे हे. कॅन्सर शिवल्यानं लागत नाही. बेळगावात आत्याला सलाइनमधून केमो चढत होती, तेव्हा पाच तास मी तिचा गार पडलेला हात धरून बसले होते. घरी ती आमच्याच पंगतीत जेवते.

औषधाचा अंश साधारण 48 तास लघवी-उलटीतून बाहेर पडतो. ते साफ करताना हातमोजे घाला, संडासात दोनदा पाणी सोडा, एवढंच. उलट, जपायचं ते तिला आपल्यापासून! बऱ्याच औषधांनंतर 7 ते 14 दिवसांनी रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार घटतात. आपली सर्दीही तिला महागात पडते. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर मध्यरात्रीही दवाखाना गाठा.